यादीत नसलेला कढीपत्ता

मे महिन्याचा शेवटचा दिवस. पुण्यात प्रभात रस्त्याच्या एका गल्लीत सकाळी साडेनऊला फाटकाशी छोटा टेम्पो लागला होता आणि तळमजल्यावरचं भाड्याचं घर रिकामं होत होतं. गाद्या गेल्या, कपाट गेलं, वॉशिंग मशीन ओल्या नळीसकट गेलं. मग मोकळ्या झालेल्या बाहेरच्या खोलीत घरमालक आणि भाडेकरू बाई करारामागे जोडलेली यादी घेऊन उभे राहिले. पंखे चार, ट्यूब सहा, गीझर एक, पडद्यांचे रॉड पाच, किल्ल्यांचे जोड तीन. मालक वाचत होते, बाई हो म्हणत होत्या, प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण पडत होती. कुणाचा आवाज चढला नाही. सह्या झाल्या, डिपॉझिट खात्यात आल्याचा मेसेज वाजला. मग बाई मागच्या अंगणात गेल्या आणि कढीपत्त्यापाशी थांबल्या. चार वर्षांपूर्वी त्यांनीच लावलेलं वीतभर रोप आता पहिल्या मजल्याच्या सज्जाला टेकलं होतं. कुंपणापलीकडून शेजारच्या आजी म्हणाल्या, "राहू दे गं तो. आम्ही घालू पाणी." बाई म्हणाल्या, "राहणारच ना आजी. जमिनीतला आहे."

यादीत कढीपत्ता नव्हता.

एवढंच झालं, आणि तरी ती यादी मनातून जात नाही. कागदाच्या हिशोबाने काहीच चुकलं नव्हतं. आपण ज्याला सरसकट भाडेकरार म्हणतो तो पुण्यात हल्ली बहुतेक ठिकाणी लिव्ह अँड लायसन्सचा करार असतो, म्हणजे मुदतीपुरती जागा वापरायची परवानगी. त्यातून जागेत कुठलाही हक्क तयार होत नाही. जमिनीत रुजलेलं झाड जमिनीबरोबर राहतं, हेही बरोबरच. पण ज्या गल्लीत घराचं भाडंच मुळी झाडांमुळे चढतं, जिथे एजंट फोनवर पहिलं वाक्य ‘एरिया एकदम ग्रीन आहे’ असं बोलतो, तिथे चार वर्षं पाणी घालून वाढवलेल्या झाडाला कुठल्याच कागदावर एक ओळ मिळू नये, हे काही केल्या पटत नाही.

लॉ कॉलेज रस्त्यावरून आत वळलं की भर एप्रिलातसुद्धा दोन मिनिटांत घाम बसतो. मागे वेताळ टेकडी, अलीकडे विधी महाविद्यालयाची टेकडी, आणि १९३३ साली कोल्हापूरहून आलेल्या प्रभात फिल्म कंपनीचं नाव अजून मिरवणाऱ्या या गल्ल्या. इथली झाडं आजच्या इमारतींहून वयाने मोठी आहेत, आणि घर भाड्याने घेणाऱ्याने सगळ्यात आधी हे समजून घ्यावं. मुळात हे बंगल्यांचे प्लॉट. कुंपणाच्या कडेने आंबा, बूच, पर्जन्यवृक्ष, मागच्या बाजूला नारळ, विहिरीपाशी उंबर. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बंगले गेले आणि त्या जागी पार्किंगवर तीन मजले, लिफ्ट नाही, अशा इमारती आल्या. कडेची झाडं तेवढी राहिली. पूर्वी झाड आणि भिंत यांच्यात अख्खं अंगण होतं, आता कसंबसं दहा फूट उरलं. या गल्लीतलं सुख आणि या गल्लीतली ओल, दोन्ही त्या दहा फुटांतून येतात.

इथे घर मिळतं ते बरंचसं तोंडी. ‘भाड्याने देणे आहे’ असा बोर्ड लागेपर्यंत निम्म्या वेळा घर गेलेलं असतं. सगळ्यात आधी कळतं ते इस्त्रीवाल्याला, कारण त्या घरातून कपडे यायचे थांबतात. मग दूधवाल्याला, पेपरवाल्याला, आणि तीन-चार घरी पोळ्या करणाऱ्या मावशींना. मावशींना तर घराचा सगळा पोटातला इतिहास ठाऊक असतो. ओट्याखाली झुरळं आहेत का, नळाला सकाळी किती वाजेपर्यंत जोर असतो, मालक दुरुस्तीला हात आखडता घेतात का. एजंट एक महिन्याचं भाडं घेऊन जे सांगत नाही ते इस्त्रीच्या टेबलापाशी दहा मिनिटं उभं राहिलं तर कळतं. तिथे संकोच करू नये, माणसं आपणहून सांगतात.

घर एकदा बघून घेऊ नये, तीनदा बघावं. पहिल्यांदा सकाळी अकराच्या सुमाराला, ऊन कुठून येतं ते पाहायला. झाड पश्चिमेला असेल तर भाग्यच समजा. मार्च ते मे दुपारचं तापलेलं ऊन ते अंगावर घेतं आणि बेडरूम रात्री लवकर निवते. दक्षिणेला बारमाही दाट पानांचा आंबा खिडकीला लागून असेल तर मात्र विचार करावा, कारण डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडून खाली कलून जातो आणि थंडीतलं हवंहवंसं ऊन त्या आंब्यातच अडकतं. त्याच जागी बहावा किंवा पांगारा असेल तर पानं कधी झडतात तेवढं शेजाऱ्यांना विचारून घ्यावं. दुसरी खेप रात्री आठनंतरची. दिव्याचा खांब फांद्यांच्या वर गेलेला असतो, उजेड सगळा पानांवर आणि रस्ता काळोखात, ही या भागातली नेहमीची गोष्ट. एकटीने रात्री परतणाऱ्या मुलीने तो रस्ता एकदा त्या वेळेला चालूनच पाहावा. गाडी कुठे लागते तेही तेव्हाच दिसतं.

तिसरी खेप पावसातली, सलग दोन दिवस झोडपून झाल्यावर. ती जमली नाही तर खुणा वाचाव्या लागतात. पुण्यात पावसाचा मारा मुख्यतः पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून आधी त्या बाजूची भिंत. खिडकीच्या खालचे दोन्ही कोपरे, कपाटाची मागची बाजू, न्हाणीघराला लागून असलेली पलीकडच्या खोलीची भिंत. तळमजला असेल तर जमिनीपासून दीड-दोन फुटांपर्यंतचा पट्टा, कारण जुन्या बांधकामात पायातून चढणारी ओल अडवणारा थर बऱ्याचदा नसतो किंवा असला तरी फुटलेला असतो. भिंतीवर पिठासारखी पांढरी पूड आली असेल तर तो लोणा. विटा-सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात, पाणी उडून जातं आणि क्षार पृष्ठभागावर राहतात. पूड हाताने झटकली तर जाते, पण महिन्याभरात परत येते. नाण्याने गिलाव्यावर टकटक करावं. जिथे पोकळ आवाज येतो तिथे गिलावा विटेपासून सुटलेला आहे. आणि चार भिंतींपैकी एकाच भिंतीला ताजा रंग दिसला तर तिथे हाताची मागची बाजू जरा जास्त वेळ टेकवावी. तळव्यापेक्षा तिला गारवा लवकर कळतो.

राहायला गेल्यावर ओल दिसली तर मालकांशी वाद घालण्याआधी एक सोपी चाचणी करावी. फूटभर लांबी-रुंदीचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवून चारही कडांना चिकटपट्टी घट्ट लावायची आणि दोन दिवस तसाच ठेवायचा. थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे धरले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला धरले तर दोष खोलीतल्या हवेचा. खिडक्या बंद ठेवून आत कपडे वाळत घातलेले असतात. पहिल्या प्रकारात दुरुस्ती मालकांची, दुसऱ्यात सवय बदलायची आपली. भांडणं होतात ती हा फरक कुणी पाहिलेलाच नसतो म्हणून. आणि ओलीवर नुसता रंग मारणं म्हणजे पैसे पाण्यात. गिलावा ओलीच्या रेषेच्या वर फूटभर खरवडायचा, वीट उघडी ठेवून पुरती वाळू द्यायची, मग वॉटरप्रूफिंगचं मिश्रण घातलेला नवा गिलावा. हे काम डिसेंबर ते एप्रिलमध्येच होतं. ऑगस्टात येऊन ‘करून टाकतो लगेच’ म्हणणाऱ्या कंत्राटदारावर विश्वास ठेवू नये.

वरच्या मजल्याचं दुखणं निराळं. पर्जन्यवृक्षाची पानं बारीक, चिंचेपेक्षा जरा मोठी. पहिल्या वळवात ती गच्चीवर येतात, पाणी जायच्या तोंडाशी जाळीवर एकावर एक बसतात आणि त्यांची अशी काही गादी तयार होते की हाताने उचलली तर अख्खी पोळीसारखी निघते. तेवढ्या एका पोळीने गच्चीवर घोटाभर पाणी तुंबतं. खालचा विटांच्या तुकड्यांचा कोबा चाळीस वर्षांचा, त्याला भेगा असतातच, आणि तुंबलेलं पाणी उतार सोडून भेग शोधतं. सप्टेंबरात तिसऱ्या मजल्यावरच्या बेडरूमच्या छताला जो तपकिरी नकाशा उमटतो, त्याचा उगम जूनमधल्या त्या पोळीत असतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात एकदा, पहिल्या वादळी पावसानंतर लगेच एकदा, आणि पुढे पंधरा दिवसांनी अशी ती तोंडं साफ करायला हवीत. कोण करणार हे घर घेतानाच विचारावं. ‘सोसायटीचा माणूस येतो’ असं उत्तर आलं तर त्याच्या येण्याचा वार विचारावा. वार सांगता आला नाही, तर ते काम वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचं हे धरून चालावं, आणि करावंही. छत आपल्याच डोक्यावरचं असतं.

तळमजल्यावाल्याने ड्रेनेजचं चेंबर उघडायला लावावं, लाजू नये. जुने नळ चिनी मातीचे, सांधे सिमेंटचे. केसाएवढी फट पडली तरी ओल बाहेर पाझरते आणि उंबर-पिंपळाची मुळं तिच्या मागाने आत शिरतात. आत गेल्यावर त्यांच्या जटा होतात आणि त्यांत कागद-केस अडकतात. पहिली खूण म्हणजे वरच्या मजल्यावर कुणी बादली ओतली की खालच्या मोरीत गुडगुड आवाज येतो. तुंबल्यावर पाणी वर येतं ते नेहमी तळमजल्यावरच, कारण तेच सगळ्यात खालचं तोंड. म्हणून घर बघताना एक अख्खी बादली ओतून चेंबरमध्ये पाणी किती झटकन येतं ते बघावं. पिंपळाचं रोप कठड्याच्या भेगेत दिसलं तर दोन पानांचं असतानाच उपटावं. एकदा मूळ विटांच्या सांध्यात गेलं की वरून कितीही छाटा, ते आत जाड होत राहतं आणि एक दिवस कठडाच ढकलून देतं.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मग कशाला राहायचं तिथे?

ऑक्टोबरात संध्याकाळी सातला सप्तपर्णी फुलते तेव्हा अख्खी गल्ली त्या वासात बुडते. काहींचं डोकं धरतं, खिडक्या बंद करून बसतात. पण तो वास आला की पावसाळा संपला हे कॅलेंडर न बघता कळतं. त्याच्या मागोमाग बुचाची फुलं. रात्री उमलतात, पहाटे लांब देठांची पांढरी रास फाटकाशी पडलेली असते, आणि शाळेत निघालेल्या मुली देठांची गुंफण करून वेणी बनवतात. दोरा लागत नाही, सुई लागत नाही. एप्रिलमध्ये सोनमोहराचा पिवळा सडा, झाडणाऱ्या मावशींचा खराटा त्यातून जातो तेव्हा रस्त्यावर काळे पट्टे उमटतात आणि दहा मिनिटांत परत पिवळे होतात. उंबर पिकला की राखी धनेशांची जोडी येते. चिरका, घाईचा आवाज करत एका झाडावरून दुसऱ्यावर, लांबट शेपटी सावरत. खाली भाजीवाल्याची गाडी, वर धनेश, आणि मधे दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत चहाचा कप घेऊन उभं असलेलं कुणीतरी. ते कुणीतरी मालक आहे की अकरा महिन्यांचं आहे, धनेशाला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं.

माणसांना असतं. घर बघायला गेल्यावर पहिला प्रश्न नावाचा, दुसरा आडनावाचा. काही ठिकाणी नाव विचारतच नाहीत, थेट आडनावच. मग मूळ गाव, मग ‘तुमच्याकडे नॉनव्हेज होतं का’, मग लग्न, मग नवरा कुठे असतो, रात्री उशिरा कोण येतं-जातं. प्रश्न सोज्वळ सुरात विचारले जातात, समोर खोबऱ्याची वडी ठेवून. उत्तर आवडलं नाही की ‘मुलगा पुण्यात परतायचं म्हणतोय’ असा निरोप दुसऱ्या दिवशी एजंटकडून येतो. घर मात्र पुढच्या आठवड्यात दुसऱ्या आडनावाला जातं. हे चालत आलंय म्हणून चालू द्यावं असं अजिबात नाही. मुसलमान जोडपं, दलित मुलगा, घटस्फोटित बाई, दोन कमावत्या मैत्रिणी, यांना या सावलीच्या गल्ल्यांमधून उन्हात पाठवलं जातं ते याच वडीच्या बशीवरून. भिंतीची ओल नाण्याने तपासता येते. या ओलीला मालकाने स्वतःहून खरवडायला घ्यावं लागतं.

आणि गुंता असा की ज्या नजरेने चाळणी लावली, तीच नजर पुढे सांभाळतेही. आत शिरलेल्या माणसाला ही गल्ली वाऱ्यावर सोडत नाही. दोन दिवस दुधाची पिशवी दाराशी तशीच दिसली तर समोरच्या काकू बेल वाजवतात. गीझरचं पाणी जिन्यात आलं तर खालचे काका मेन कॉक बंद करून मग फोन करतात. बाळंतिणीला कुठून तरी डिंकाचे लाडू येतात, परीक्षेच्या दिवसांत शेजारचा टीव्ही हळू होतो. किल्लीचा एक जोड शेजारी ठेवायचा, हा इथला अलिखित नियम. अनोळखी गाडी फाटकाशी थांबली की तीन खिडक्यांचे पडदे हलतात. काहींना यात गुदमरायला होतं, आणि त्यांचं खोटं नाही. म्हाताऱ्या आईला घेऊन राहणाऱ्याला मात्र त्या तीन पडद्यांमुळे ऑफिसात बिनघोर बसता येतं, हेही खरंच आहे.

आता कागद. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं ५५वं कलम सांगतं की लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. ‘अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला’ हा समज साफ चुकीचा आहे. नोंदणीची जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते खोटं ठरेपर्यंत. खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेल्या मानीव व्याजावर मिळून ०.२५ टक्के. ३०,००० भाडं, १,००,००० डिपॉझिट, अकरा महिने धरले तर भाडं ३,३०,००० आणि व्याज सुमारे ९,१६७. त्यावर शुल्क साडेआठशेच्या आसपास. शहरात नोंदणी फी १,०००. अंगठ्याचं यंत्र घेऊन माणूस घरी येतो, आधारवर पडताळणी होते, अर्ध्या तासात काम उरकतं. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर २४व्या कलमाप्रमाणे दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. तेव्हा जायची तारीख पुढे ढकलायची असेल तर तोंडी बोलण्यावर थांबू नये.

भांडणं होतात ती रंगावरून. ‘घर होतं तसं परत करावं’ या एका वाक्यावर डिपॉझिटमधून वीस-तीस हजार कापले गेलेली घरं याच गल्ल्यांत आहेत. म्हणून राहायला येण्याच्या दिवशीच प्रत्येक भिंतीचा, ओट्याचा, न्हाणीघराच्या फरशीचा आणि विजेच्या मीटरवरच्या आकड्याचा फोटो काढून मालकांना पाठवावा. आधीची ओल यादीतच लिहावी, ‘पश्चिमेच्या खोलीत खिडकीखाली डाव्या कोपऱ्यात, अंदाजे दोन फूट’ इतकी नेमकी. वापराची झीज वेगळी आणि मोडतोड वेगळी, हेही शब्दांत उतरवून घ्यावं. सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल जे बिनभोगवटा शुल्क लावते ते मालकाने भरायचं, आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांमध्ये ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही. १ ऑगस्ट २००१ पासून हा शासनाचा आदेश आहे. ते भाडेकरूच्या गळ्यात घातलं जातंय का, बघून घ्यावं.

हे झालं घराचं. गल्लीचं काय? पुनर्विकासाची हवा आता इथे दर दुसऱ्या फाटकाशी आहे. इमारत पाडायची ठरली की मालकांना विकासकाकडून दोन-अडीच वर्षांचं भाडं मिळतं, आणि त्यांना लांब जायचं नसतं. तोच डॉक्टर, तोच मारुती, तीच टेकडी हवी असते. मग मालकच भाडेकरू होऊन शेजारच्या गल्लीत घर शोधू लागतात, चढं भाडं द्यायची त्यांची तयारी असते, आणि पगारातून भाडं भरणारा एकेक गल्ली मागे सरत कॅनॉल ओलांडून पार लांब जातो. बैठकीत त्याला बोलावत नाहीत, मत नसतं. कुठल्या वर्षी पाडणार हेसुद्धा त्याला जिन्यात कळतं. करारात लॉक-इन (ठरलेल्या मुदतीआधी करार मोडायचा नाही ही अट) टाकताना ते दोन्ही बाजूंना लागू हवं आणि पुनर्विकासासाठी घर सोडावं लागल्यास किमान दोन महिन्यांची सूचना हवी, एवढं लिहून घेतलं तरी पुष्कळ.

एका ठिकाणी मात्र त्याला बोलता येतं, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली झाड तोडायचं तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि ती देण्याआधी झाडावर नोटीस लावून हरकती मागवाव्या लागतात. झाड ५० वर्षांहून जुनं असेल तर २०२१च्या दुरुस्तीनंतर ते वारसा वृक्ष ठरतं. हरकत घ्यायला सभासद असायची अट नाही, फ्लॅट नावावर असायची अट नाही. रोज त्या झाडाखालून जाणारा कुणीही लिहू शकतो. बुंध्यावर खिळ्याने ठोकलेला तो कागद म्हणजे अख्ख्या गल्लीत भाडेकरूला उद्देशूनही लिहिलेला एकमेव कागद. तो दिसला की वाचावा, फोटो काढावा, मुदतीच्या आत अर्ज द्यावा: झाडाची जात, अंदाजे घेर, इमारतीपासूनचं अंतर, घरटी असतील तर त्यांचा उल्लेख. अर्जाखाली पत्ता भाड्याचा असला तरी चालतो.

कढीपत्त्यावर अशी कुठली नोटीस लागली नव्हती. पण त्याची एक रीत आहे. मोठा झाला की तो मुळांवरून फुटवे सोडतो, आणि झाडापासून हातभर लांब, फरशीच्या फटीतून, नवी रोपं वर येतात. त्या सकाळी आजींनी कुंपणावरून खुरपं पुढे केलं. "मोठा येत नसेल तर ते पिल्लू ने की." बाईंनी वीतभराचा फुटवा निवडला, भोवती एक तांब्या पाणी ओतून माती बसू दिली, जुन्या मुळाकडचा धागा कापला आणि मातीच्या गोळ्यासकट तो उचलला. पाच लिटरचा तेलाचा डबा वरून कापून, खाली तीन भोकं पाडून आजींनी आणून दिला. निम्मी पानं खुडून टाकली, म्हणजे मुळं धरेपर्यंत रोपाला सुकायचं भय कमी. "पंधरा दिवस उन्हात ठेवू नकोस. आणि डब्यात पाणी साठू देऊ नकोस, मूळ कुजतं." बाई हो आजी, हो आजी म्हणत राहिल्या. हात मातीचे होते, डोळे पुसायला त्यांनी मनगट वापरलं.

टेम्पो निघाला तेव्हा डबा पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी त्यांच्या मांडीवर होता. मालक कुलूप लावत होते. आजींनी कुंपणावरून त्यांना हाक मारली. "अहो, पुढचे भाडेकरू येतील त्यांना सांगा, कढीपत्ता खुशाल तोडा म्हणावं, पण शेंडा खुडा. पानं ओरबाडायची नाहीत. शेंडा खुडला की खालून दोन फुटतात." मालकांनी मान हलवली, यादीची घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.